आग्नेयेकडचं आकाश

मनस्विनीबाईंनी केबलचं टोक छताच्या प्लायवूडमागच्या फटीत सारलं आणि अंदाजाने पुढे ढकलत राहिल्या. हातभर केबल सरळ आत गेली, मग कशाला तरी अडली. त्यांनी ती किंचित मागे घेतली, पिळली, पुन्हा ढकलली. गाडीबाहेर, मागच्या पत्र्याला पाडलेल्या भोकाशी त्यांचा पुतण्या सलिल डोळा लावून उभा होता.

“आली का रे?”

“खरखर ऐकू येत्ये, काकू. टोक दिसत नाही.”

आणखी एकदा ढकलल्यावर केबल आतल्या आत दुमडली. मनस्विनीबाई फळीवर उताण्या पडल्या होत्या, त्या तशाच थोडा वेळ छताकडे बघत राहिल्या आणि मग स्वतःशीच हसल्या. परकराची नाडी कुणी ढकलून ओवत नाही. पिन लावून ओढून घेतात. त्यांनी केबल पूर्ण बाहेर काढली. सलिलला कपडे वाळत घालायची जाड तार सरळ करून बाहेरच्या भोकातून आत सोडायला सांगितली, आणि तारेचं टोक बोटांना लागल्यावर त्याला केबल बांधून वरून चिकटपट्टी गुंडाळली.

“आता ओढ. हळू. हिसका देऊ नकोस, आतली तांब्याची तार तुटेल.”

केबल सरसरत निघाली. अंगणात रायवळ आंब्याखाली खुर्चीवर बसलेले अण्णा मांडीवरच्या वेटोळ्यातला एकेक वळसा सोडत होते. अण्णा म्हणजे चिंतामणी, मनस्विनीबाईंचे यजमान. साऱ्या आळीचे ते अण्णाच होते. वेटोळं धरायचं काम मनस्विनीबाईंनी मुद्दाम त्यांच्याकडे दिलं होतं. सकाळच्या वेळी हाताला काम असलं की त्यांचं चित्त ठिकाणावर राहायचं.

“हे काय चाललंय?” अण्णांनी विचारलं.

“टीव्हीची केबल ओढत्ये.”

अण्णांनी मान डोलावली. दोन वळसे सोडून झाल्यावर त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मनस्विनीबाईंनी पुन्हा तेच उत्तर दिलं, त्याच आवाजात, जणू पहिल्यांदाच देत होत्या.

गाडी सलिलची होती. गणपतीपुळ्याला आणि पावसला पर्यटक नेणारी त्याची जुनी ट्रॅव्हलर नवी गाडी आल्यापासून मांडवात उभी होती. तिच्या सीटा काढून सलिलने आत दोन पलंग, एक चिमुकला ओटा आणि बॅटरीवर चालणारे पंखे बसवले होते. चाकांवरचं घर करून ते मुंबईच्या लोकांना भाड्याने द्यायचं, असा त्याचा बेत होता. काकूंनी एक दिवस गाडीत चढून, पलंगावर बसून, खिडकीचे पडदे सारून बघितले आणि म्हणाल्या, की भाड्याने देण्याआधी ही मला हवी. का हवी, हे सलिलला विचारावं लागलं नाही.

अण्णांना विसरण्याचा आजार जडून चार वर्षं होत आली होती. दिवसभर ते बरे असत. जेवत, पेपर चाळत, कलमांना मोहोर कसा आलाय ते बघायला बागेच्या दगडी गडग्यापर्यंत जाऊन येत. पण उन्हं उतरली, की त्यांच्यात काहीतरी हलायचं. चाळीस वर्षं ज्या घरात राहिले त्याच घराच्या पडवीत उभे राहून ते घरी जायचं म्हणत. मनस्विनीबाईंची ओळख तेवढ्या वेळापुरती पुसली जायची. बायकोला जन्मभर ‘अगो’ म्हणून हाक मारणारा माणूस तिन्हीसांजेला तिला ‘बाई’ म्हणायचा, ‘तुम्ही’ म्हणायचा. मनस्विनीबाई शाळेत विज्ञान शिकवत आल्या होत्या, गावातल्या निम्म्या बायका त्यांना बाईच म्हणत. तरी त्या एका तोंडून तो शब्द आला की त्यांना काही सुचेनासं व्हायचं.

एकच गोष्ट त्या वेळेला लागू पडायची. दिवेलागणीला टीव्हीवर शेतीचा एक कार्यक्रम लागे. निवेदिका हात जोडून नमस्कार म्हणाली, की अण्णा खुर्चीतून तिला नमस्कार करत, टेकून बसत, आणि कांद्याच्या रोगावरची किंवा शेळ्यांच्या गोठ्यावरची माहिती शांतपणे ऐकत. कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर काळोख झालेला असे आणि काळोखाची त्यांना भीती नव्हती. भीती होती ती उजेड जाताना. मुलीने दिलेल्या टॅबलेटवर तोच कार्यक्रम लावून बघितला, तर चित्र मध्येच थिजायचं आणि ते अधिकच बिथरायचे. त्यांना हवी होती ती स्वतःची खुर्ची, स्वतःचा टीव्ही आणि न थांबणारी ती निवेदिका.

म्हणून मनस्विनीबाई कुठे जात नव्हत्या. तशी त्यांना हौसही नव्हती. एक सांगली सोडली तर.

सांगलीला त्यांची मोठी बहीण होती, मालनताई. आई लवकर गेली, तेव्हा मालनताईनेच त्यांच्या वेण्या घातल्या, त्यांना शाळेत घातलं, आणि स्वतःचं लग्न त्यांच्या मॅट्रिकपर्यंत लांबवलं. दोन वर्षांपूर्वी मनस्विनीबाई अण्णांना घेऊन तिच्याकडे राहायला गेल्या होत्या. पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघी बहिणी बोलत असताना अण्णा चपला घालून घराबाहेर पडले. ते एस.टी. स्टँडवर सापडले, रत्नागिरीची गाडी कुठे लागते ते विचारत. त्यांच्यामागे धावताना मालनताई पायरीवरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. अण्णांना यातलं काही आठवत नव्हतं. मालनताई फोनवर त्याचा उल्लेखही करत नसे. आता वॉकर धरून घरातल्या घरात हिंडत्ये, एवढंच सांगे, आणि शेवटी न चुकता म्हणे, “जमेल तेव्हा ये हो.” दोघींनाही ठाऊक होतं, की जमणारं नाही.

सलिलच्या गाडीतल्या पलंगावर बसल्यावर मनस्विनीबाईंच्या मनात आलं ते हेच. माणसाला घराबाहेर काढता येत नसेल, तर घराचा एक तुकडा सोबत न्यावा.

डिशच्या दुकानातून आलेला माणूस गाडी बघून परत गेला होता. चालत्या गाडीला आम्ही डिश लावत नाही, असं तो म्हणाला, आणि त्याचं चुकत नव्हतं. मग मनस्विनीबाईंनी फोनवर व्हिडिओ बघितले. पंजाबातला एक ट्रकवाला आणि ऑस्ट्रेलियातलं एक म्हातारं जोडपं, यांच्याकडून त्या बरंच शिकल्या. पहिला प्रयत्न फसला. त्यांनी सलिलला टपाला भोक पाडायला लावलं, आणि गाडी धुतल्यावर पाणी केबलला धरून थेट अण्णांच्या गादीवर उतरलं. ते भोक बुजवलं. आता भोक होतं मागच्या बाजूच्या पत्र्याला, वर छोटं झाकण, आणि बाहेरून येणारी केबल आत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर वळवलेली, म्हणजे पाणी त्या झोळावरून ठिबकून जाईल. डिश गाडीवर न लावता तिपाईवर लावायची, मुक्कामाला पोचलं की जमिनीवर उभी करायची आणि केबल जोडायची.

दुपारी अंगणात तिपाई उभी केली. थोड्या खटपटीनंतर गाडीत आणून बसवलेल्या घरच्या टीव्हीवर चित्र आलं. सलिलने टाळी दिली. मनस्विनीबाईंनी मात्र टीव्ही लगेच बंद केला. अंगणात चित्र येणं म्हणजे काही परीक्षा नव्हती.

परीक्षा ठरली त्याच आठवड्यात. हातखंब्याजवळ सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, सलिलच्या मित्राची काजूची जागा होती. तिथे एक रात्र राहायचं. काही बिघडलंच तर घर जवळ, वळून यायचं. जमलं, तर पुढचं पुढे. सांगलीचं नाव कुणी काढलं नाही. मनस्विनीबाईंनी मालनताईलाही काही कळवलं नव्हतं. आशा दाखवून ती मोडण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं त्यांना वाटत होतं.

सड्यावर पोचले तेव्हा ऊन अजून होतं. वाऱ्याने पिवळं गवत एका अंगाला झोपलं होतं आणि जांभ्या दगडाचा कातळ दिवसभराची धग सोडत होता. पलीकडे उतारावर काजूची झाडं, त्यांच्याही पलीकडे हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांचा घोगरा आवाज. अण्णा खाली उतरले, हवा हुंगली, आणि काजूला यंदा मोहोर बरा दिसतो, असं म्हणाले. मनस्विनीबाईंनी खुर्ची टीव्हीसमोर मांडली. घरातलीच खुर्ची, तिच्या पाठीवर घरातलाच पंचा.

सलिलला त्यांनी जायला सांगितलं. आणखी कुणी भोवती असलं, की त्या वेळेला अण्णा जास्त गोंधळत. हातखंब्याच्या तिठ्यावर त्याच मित्राचं टायरचं दुकान होतं, तिथे सलिल बसणार होता.

“अंधार पडला की येतोच,” तो म्हणाला. “मध्ये काही वाटलं तर फोन करा, काकू. लगेच गाडी फिरवू.”

तो गेला आणि मनस्विनीबाईंनी तिपाई बाहेर काढली. फोनवरच्या होकायंत्रात आग्नेय दिशा बघितली, तिपाई गाडीच्या अंगाशी उभी केली, डिश त्या बाजूला वळवून वर कलती केली, केबल जोडली, आणि आत येऊन टीव्ही लावला. पडदा निळा होता. त्यावर सिग्नल नसल्याची पाटी आणि एक रिकामी पट्टी. त्या बाहेर गेल्या, डिश थोडी हलवली, आत आल्या. निळाच. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. अंगणात बसवलेली जोडणी सैल पडली असेल, म्हणून त्यांनी ती उघडून परत घट्ट केली. निळाच.

तोवर उन्हं उतरली होती. चौथ्यांदा आत आल्या तेव्हा अण्णा खुर्चीत नव्हते. दारात उभे होते, पायांत चपला, पंचा घडी करून काखेत धरलेला.

“बाई, मला जरा घरी सोडता का?” ते अदबीने म्हणाले. “आई वाट बघत असेल.”

त्यांच्या आईला जाऊन तीस वर्षं झाली होती. मनस्विनीबाईंचा हात खिशातल्या फोनकडे गेला. सलिलला बोलावलं असतं तर कार्यक्रम संपायच्या आत सगळे घरी पोचले असते. अण्णांच्या गळ्याजवळची शीर उडताना त्यांना दिसत होती. आणखी थोडा वेळ गेला की हे चालू लागतील, कातळावरून, दिशा न बघता. आणि इथे मागे धावायला त्या एकट्याच होत्या.

त्यांनी फोन काढला नाही. का, ते त्यांना नंतरही सांगता आलं नसतं. कदाचित अण्णांची अदबच त्याला कारण असेल. परक्या बाईशीही ते इतके नीट वागत होते.

“सोडते हं,” त्या म्हणाल्या. “पण माझं एक काम अडलंय. तेवढं करू लागाल?”

अण्णा थांबले. कुणाचं काम अडलेलं बघून पुढे जाणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

“काय आहे?”

“मी बाहेर ही डिश फिरवत्ये. तुम्ही आत उभं राहून टीव्हीकडे बघायचं. पट्टी हलली की मला ओरडून सांगायचं.”

अण्णांनी पंचा खुर्चीवर ठेवला. ते आत गेले आणि टीव्ही व खिडकी यांच्या मध्ये उभे राहिले. मनस्विनीबाई बाहेर येऊन फोनकडे बघू लागल्या. होकायंत्राचा काटा एकदा इकडे जात होता, एकदा तिकडे.

“काय शोधताय?” खिडकीतून आवाज आला.

“आग्नेय.”

“मग तिकडे काय बघताय? मावळत ही उजव्या हाताला. महिना कुठला?”

“माघ.”

“माघात सूर्य अजून दक्षिणेकडे कललेला असतो. तेवढं सोडा. आग्नेय ही, त्या वाकड्या काजूच्या डोक्यावर.”

खिडकीतून बाहेर आलेला हात बघून मनस्विनीबाई जागीच थबकल्या. मग गाडीपासून दूर, कातळावर चालत गेल्या आणि तिथून फोन बघितला. काटा स्थिर झाला. वाकडा काजू. आत्तापर्यंत त्या टनभर लोखंडाला खेटून होकायंत्र वाचत होत्या. चुंबकसूचीजवळ लोखंड आणू नका, हे त्यांनी मुलींच्या किती तुकड्यांना सांगितलं असेल, गणती नव्हती. त्यांना हसू आलं. त्यांनी तिपाई उचलून मोकळ्यात आणली, केबल ओढून घेतली आणि डिशचं तोंड काजूच्या डोक्यावर धरलं.

“पट्टी?”

“नाही.”

त्यांनी नखभर वळवली.

“आता?”

“नाही... थांबा. थोडी आली. लाल आहे.”

“आता?”

“वाढली. वाढली. आणखी... गेली! गेली गो! मागे घे, मागे घे!”

डिशवरचे मनस्विनीबाईंचे हात तसेच राहिले. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी घरात टीव्ही आला होता. तेव्हा अँटेना फिरवायला कौलांवर अण्णा चढायचे आणि खिडकीतून त्या ओरडायच्या, आलं, गेलं, मागे घ्या. शेजारच्या साऱ्या घरांतूनही तेच ओरडणं चालू असायचं.

“अगो, झोपलीस काय? मागे घे म्हणतोय.”

“घेत्ये,” त्या म्हणाल्या. त्यांनी डिश नखभर मागे फिरवली. “घेतली. आता?”

“हिरवी! राहू दे. हलवू नको.”

गाडीतून आधी संगीत आणि मग तो ओळखीचा आवाज आला. नमस्कार शेतकरी बंधुभगिनींनो. मनस्विनीबाईंनी खिडकीकडे बघितलं. आता ते बसतील. आता त्यांना पान्हा घेऊन डिशमागच्या बोल्टची चाकी घट्ट करायची होती. पण एका हाताने डिश धरून दुसऱ्या हाताने चाकी पिळायला गेल्या, तर डिश स्वतःच्या भाराने कलली. आतला आवाज मध्येच तुटला.

आता ते घाबरणार, असं वाटून त्या दाराकडे वळल्या, तर अण्णा पायरी उतरत होते. कठड्याला धरून, एकेक पाऊल टाकत. ते थेट तिपाईशी आले आणि दोन्ही हातांनी त्यांनी डिशची कड धरली.

“मी धरतो. तू पिळ.”

“चित्र कोण बघणार?”

“ऐकू येईल की.”

त्यांनी डिश हळूहळू वर उचलली, फार सावकाश, कलमाची फांदी हातात घेऊन डोळा तपासावा तशी. गाडीतली निवेदिका पुन्हा बोलू लागली. मनस्विनीबाईंनी पान्हा लावला. दोघं इतकी जवळ उभी होती, की अण्णांच्या सदऱ्याला येणारा डांबरगोळीचा वास त्यांना येत होता. चाकी घट्ट झाली तरी अण्णांनी हात काढले नाहीत. वाऱ्याने हलेल, म्हणाले. मग त्यांनीच भोवतालचे चिरे शोधून तिपाईच्या तिन्ही पायांवर एकेक ठेवला, दाबून बघितला, आणि एक बदलला.

सूर्य गेला तेव्हा ते दगड निवडत होते. आकाश तांबडं झालं, जांभळं झालं. आत कुणीतरी ठिबक सिंचनाबद्दल रिकाम्या खुर्चीला समजावून सांगत होतं. हायवेवर दिवे लागले. अण्णा पायरीवर टेकले, मनस्विनीबाई त्यांच्या शेजारी. घरी जायचं कुणी म्हणालं नाही.

“बाई,” मग अण्णा म्हणाले, “चहा मिळेल का हो?”

मनस्विनीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. चेहरा शांत होता. नुसता चहा हवा असलेल्या माणसाचा.

“मिळेल की,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

सलिल मित्राच्या मोटरसायकलवरून परतला, तेव्हा गाडीतला टीव्ही आपला आपण चालू होता आणि काका-काकू बाहेर पायरीवर पेले घेऊन बसले होते. काहीतरी बिनसलं असावं, असं वाटून तो घाईने उतरला. गाडी फिरवायची का, असं त्याने हळूच विचारलं. मनस्विनीबाईंनी मानेनेच नको म्हटलं. त्यांनी आणलेली आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ तिघांनी मिळून खाल्ली. अण्णांनी दोन वेळा मागून घेतली. सलिलला त्यांनी तुम्ही कुठले, असं विचारलं, आणि तुमचाच पुतण्या, असं त्याने सांगितल्यावर बराच मोठा झालास की, असंही म्हणाले.

हात धुवायला अण्णा बाहेर गेले आणि परत येताना तिपाईपाशी थांबले. पायावरचा एक चिरा त्यांनी पुन्हा दाबून बघितला.

“उद्या कुठे लावायची ही?” त्यांनी विचारलं.

सलिलचा हात ताटलीतच राहिला. अण्णा कालचं बोलत, चाळीस वर्षांपूर्वीचं बोलत. उद्या हा शब्द त्यांच्या तोंडी येऊन किती दिवस झाले होते, ते दोघांपैकी कुणालाही आठवेना. ठरल्याप्रमाणे उद्या सकाळी गाडी घरी, रत्नागिरीकडे वळायची होती.

मनस्विनीबाईंनी भांडं खाली ठेवलं.

“सांगलीला,” त्या म्हणाल्या. “मालनताईच्या अंगणात.”

त्यांनी सलिलकडे बघितलं. डिझेल आहे, एवढंच तो म्हणाला. पालीवरून वळलं, की आंबा घाट दुपारच्या आत चढून होईल.

अण्णा विचार करत होते. “तिथे आग्नेयेला काय आहे?”

ते मनस्विनीबाईंना सांगता येईना. त्या अंगणात त्या शेकडो वेळा बसल्या असतील, पण कुठल्या दिशेला काय, हे कधी बघितलं नव्हतं. त्यांनी फोन लावला. सड्यावर रेंज येत-जात होती. त्या कातळावर जरा उंच जागी जाऊन उभ्या राहिल्या आणि आवाज मोठा केला. अण्णाही मागोमाग आले.

“ताई, तुझ्या अंगणात आग्नेयेला काय आहे गं?”

“आग्नेयेला?” मालनताई गोंधळली. “हे काय मध्येच? वास्तूचं वगैरे बघत्येस की काय?”

“नाही. हे विचारतायत.”

  मालनताईचा आवाज आधीपेक्षा लहान झाला.

“चिंतामणराव विचारतायत?”

“हो.”

“थांब. बघून सांगते.”

फोन बहुधा तिने तसाच हातात किंवा पिशवीत घेतला होता. वॉकरचे पाय फरशीवर टेकल्याचा आवाज आला, मग पुन्हा, मग दाराची कडी. मनस्विनीबाई नको म्हणणार होत्या, पण अण्णा फोनवर वाकून ऐकत होते.

“शेजारच्यांनी मजला चढवलाय,” मालनताई धापा टाकत म्हणाली. “अंगणातून काही दिसत नाही. पण आमच्या गच्चीवरून मोकळं असेल. चालेल?”

अण्णांनी मनस्विनीबाईंकडे बघितलं.

“गच्चीपर्यंत केबल पुरेल?”

“न पुरली तर जोडू,” मनस्विनीबाई म्हणाल्या.